खारीक, सुपारी आणि आठ आकडे

भारताच्या सीमाशुल्क दरपत्रकात आपल्या कोठीघरातील शब्द भेटले की गंमत वाटते. ओला खजूर ०८०४ १० २० मध्ये, खारीक ०८०४ १० ३० मध्ये. आणि 'खारीक' हा शब्द तेथे रोमन लिपीत का होईना, खरोखरच छापलेला आहे. सुपारी मात्र दोन घरी नांदते. साधी सुपारी ०८०२ ८० खाली, तर 'सुपारी' या नावाने ओळखले जाणारे तयार उत्पादन २१०६ ९० ३० खाली. आठांपैकी पहिले सहा आकडे जगातील बहुतेक देशांत समान असतात. शेवटचे दोन आपल्या देशाचे.

हे आकडे क्लिअरिंग एजंट घालतो, ही पेढीवरची जुनी समजूत. २०११ पासून मात्र स्वयंनिर्धारणाची पद्धत आहे. मालाचे वर्गीकरण आणि शुल्क आयातदाराने स्वतः ठरवायचे, आणि बिल ऑफ एंट्रीतील मजकूर खरा असल्याचे घोषित करायचे. एजंटाची लेखणी चालली तरी जबाबदारी पेढीचीच राहते.

सुपारीच्या बाबतीत हा प्रश्न फार तापला. फेब्रुवारी २०२३ मध्ये ०८०२ ८० खालील सुपारीचे किमान आयात मूल्य किलोमागे ३५१ रुपये करण्यात आले. त्याहून स्वस्त माल आणण्यास सर्वसाधारणपणे मनाई. मग उकडलेली, रंगवलेली, कापलेली सुपारी एकविसाव्या प्रकरणात बसवण्याचा मोह सुटेना. त्या प्रकरणातील टीप सांगते की 'सुपारी' म्हणजे सुपारी असलेला, पण चुना, कात आणि तंबाखू यांपैकी काहीही नसलेला तयार पदार्थ. वेलदोडा, खोबरे किंवा मेंथॉल असले तरी चालते. याउलट आठव्या प्रकरणाची टीप म्हणते की टिकवण्यासाठी सौम्य उष्णता दिली, किंवा रूप राखण्यासाठी थोडे वनस्पती तेल लावले, तरी वाळवलेल्या फळाचा मूळ गुण कायम असेल तर ते त्याच प्रकरणात राहते. उकळणे म्हणजे टिकवणे की नवा पदार्थ घडवणे, एवढ्यावर वाद उच्च न्यायालयांपर्यंत गेले. माझ्या मते नुसती उकडून वाळवलेली सुपारी सुपारीच राहते.

एवढे बारकावे असताना प्रामाणिक माणसाचाही आकडा चुकू शकतो. कायदा येथे निर्दय नाही. नॉर्दर्न प्लास्टिक्सच्या १९९८ मधील निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की मालाचे वर्णन खरे असेल, तर अमुक वर्गीकरणाचा किंवा सवलतीचा दावा करणे ही चुकीची घोषणा ठरत नाही. भेद कागदावरील वर्णनाचा आहे. उकडलेली सुपारी 'उकडलेली' म्हणून लिहिली आणि आकडा चुकला, तर सर्वसाधारणपणे दोन वर्षांच्या आतच मागणीची नोटीस येऊ शकते. जाणूनबुजून खोटे लिहिले किंवा माहिती दडवली, तर ती मुदत पाच वर्षांची होते. तीन वर्षांपूर्वीचे दहा लाखांचे कमी शुल्क उघडकीस आले, तर पंधरा टक्के दराने साडेचार लाख व्याज, शिवाय शुल्काइतका दंडही लागू शकतो. त्या वेळचा नफा तर केव्हाच संपलेला असतो.

शंका असेल तर माल मागवण्यापूर्वीच विचारावे. मुंबई व नवी दिल्ली येथे सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरण आहे. दहा हजार रुपये शुल्क भरून, नमुन्याचा तपशील व प्रक्रिया लिहून अर्ज करता येतो. निर्णय तीन महिन्यांत देण्याची तरतूद आहे. तो अर्जदारावर आणि संबंधित अधिकाऱ्यांवर बंधनकारक असतो, आणि कायदा किंवा वस्तुस्थिती बदलली नाही तर ठरावीक मुदतीपर्यंत टिकतो. वकिलाच्या एका भेटीइतका हा खर्च टाळण्यात कसली काटकसर?

पुन्हा खारकेकडे वळतो. खारकेचे आठही आकडे अचूक घालूनही माल अडकू शकतो. २ मे २०२५ पासून पाकिस्तानात उगम असलेल्या मालाची आयात, थेट वा अन्य देशांमार्गे, पूर्ण बंद आहे. त्यानंतर जूनमध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने न्हावा शेवा येथे ३९ कंटेनर, म्हणजे सुमारे १,११५ टन माल जप्त केला. किंमत नऊ कोटींच्या आसपास. माल मुख्यतः खारीक, कागदोपत्री उगम संयुक्त अरब अमिरात, आणि तपासात मूळ मार्ग कराचीहून निघालेला आढळला. दुबईचा व्यापारी स्वस्त दर सांगतो तेव्हा खजुराची बाग कोणत्या देशात आहे, कोणत्या बंदरातून माल प्रथम जहाजावर चढला, हे आगाऊ रक्कम पाठवण्यापूर्वी लेखी मागून घ्यावे. आणि उत्तर टाळले गेले तर सौदा सोडून द्यावा.