खुणांची चोरी : चातुर्य की लबाडी? किशोरवयीन सॉफ्टबॉलपुढील जुना प्रश्न

नवी दिल्ली : सॉफ्टबॉलच्या मैदानात दुसऱ्या बेसवर उभी असलेली बारा वर्षांची रनर समोर पाहते, तेव्हा खाली बसलेल्या कॅचरच्या हाताची बोटे तिला स्पष्ट दिसतात. एक बोट म्हणजे वेगवान चेंडू, दोन बोटे म्हणजे फसवा संथ चेंडू. रनर सहज आपल्या हेल्मेटला हात लावते आणि पुढचा चेंडू कसा येणार, हे तिच्या संघाच्या बॅटरला आधीच कळते. या साऱ्यात कोणाला धक्का लागलेला नसतो, चेंडूशी छेडछाड झालेली नसते, यंत्राचाही वापर झालेला नसतो. तरीही मुलांच्या बेसबॉल-सॉफ्टबॉलमधील सर्वांत परिचित संघटना असलेल्या अमेरिकेच्या ‘लिटल लीग’च्या नियमांनुसार अशा कृतीबद्दल पंच त्या मुलीला आणि तिच्या संघाच्या व्यवस्थापकाला मैदानाबाहेर काढू शकतात.

प्रौढांच्या व्यावसायिक खेळात ‘चलाखी’ म्हणून खपून जाणारी गोष्ट मुलांच्या खेळात अखिलाडू का ठरते, हा प्रश्न अमेरिकेतील पालक, प्रशिक्षक आणि पंच यांच्यात वारंवार चर्चेला येतो. लॉस एंजेलिस येथील २०२८ च्या ऑलिम्पिकमध्ये सॉफ्टबॉलचे पुनरागमन होत आहे आणि भारतातही शालेय व विद्यापीठ स्तरावर हा खेळ खेळला जातो. त्यामुळे हा वाद समजून घेणे उपयुक्त ठरते.

खुणांना एवढे महत्त्व का?

सॉफ्टबॉलमध्ये पिचर हात खालून फिरवून चेंडू टाकते. महिलांच्या खेळात पिचरच्या जागेपासून होम प्लेटचे अंतर ४३ फूट, तर लिटल लीगच्या १२ वर्षांपर्यंतच्या प्रमुख गटात ४० फूट असते. बेसबॉलमध्ये हेच अंतर ६० फूट ६ इंच आहे. सॉफ्टबॉलची पिचर चेंडू सोडताना पाऊल पुढे टाकत असल्याने प्रत्यक्ष अंतर आणखी कमी होते. ताशी १०५ किलोमीटर वेगाने आलेला चेंडू ओळखून बॅट फिरवण्यासाठी बॅटरला जेमतेम ०.४ सेकंद मिळतात. चेंडू वर उसळणार, खाली बुडणार, की त्याच हातफेकीतून अचानक संथ येणार, हे तिला एवढ्याच अवधीत ताडायचे असते.

हा अंदाज चुकावा, यासाठीच पिचर आणि कॅचर यांची सारी योजना असते. कोणता चेंडू टाकायचा आणि तो प्लेटच्या आतल्या बाजूला की बाहेरच्या, हे कॅचर बोटांच्या खुणांनी सुचवते. अनेक संघांत हा निर्णय डगआउटमधील प्रशिक्षक घेतात. ते आकडे पुकारतात आणि कॅचर मनगटावर बांधलेल्या तक्त्यात त्या आकड्याचा अर्थ पाहते. ही माहिती बॅटरपर्यंत पोहोचली, तर फसवणुकीवर आधारलेले पिचरचे निम्मे अस्त्र निकामी होते.

चोरी होते कशी?

बेसबॉलमधील रनर चेंडू टाकला जाण्यापूर्वीच बेसपासून काही पावले पुढे सरकू शकतो. मुलींच्या सॉफ्टबॉलमध्ये चेंडू पिचरच्या हातातून सुटेपर्यंत रनरला बेस सोडता येत नाही. म्हणजे चेंडू पडण्याआधी ती एका जागी उभी असते आणि कॅचर तिच्या थेट समोर असते. दुसरा बेस आणि होम प्लेट यांतील अंतर जेमतेम ८५ फूट आहे. एवढ्या अंतरावरून बोटे मोजणे कठीण नसते.

रनरखेरीज पहिल्या व तिसऱ्या बेसजवळ उभे असणारे प्रशिक्षकही खुणा टिपू शकतात. कॅचर आत सरकली की बॅटरला नावाने हाक मारायची, बाहेर सरकली की आडनावाने, अशा सांकेतिक हाका अमेरिकेतील मैदानांवर सर्वपरिचित आहेत. काही वेळा बॅटर स्वतःच मान किंचित वळवून कॅचरकडे चोरटा कटाक्ष टाकते.

याहून वेगळा प्रकार म्हणजे पिचरचे निरीक्षण. संथ चेंडू टाकताना एखादी पिचर चेंडू ग्लव्हमध्ये अधिक वेळ चाचपते किंवा तिचे मनगट निराळे दिसते. असे बारकावे ओळखणाऱ्या बॅटरला कोणी दोष देत नाही. तिथे दुसऱ्या संघातील गुप्त संवाद चोरला जात नाही. प्रतिस्पर्ध्याच्या कौशल्यातील उणीव ओळखली जाते, आणि ती दूर करणे हे पिचरचे काम असते.

सव्वाशे वर्षांचा इतिहास

खुणांची चोरी बेसबॉलइतकीच जुनी आहे. १९०० मध्ये फिलाडेल्फिया फिलीज संघाच्या मैदानावर सिनसिनाटीचा कर्णधार टॉमी कॉर्कोरन याने तिसऱ्या बेसजवळच्या प्रशिक्षकाच्या चौकटीतील माती बुटांच्या खिळ्यांनी उकरली, तेव्हा जमिनीखाली तारा जोडलेले विजेचे उपकरण सापडले. मैदानाबाहेरून खुणा टिपणारा साथीदार त्याद्वारे प्रशिक्षकाच्या पायाखाली कंप निर्माण करून चेंडूचा प्रकार कळवत असे.

१९५१ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सने ब्रुकलिन डॉजर्सला बॉबी थॉमसनच्या प्रसिद्ध होमरनवर हरवले. त्या हंगामात जायंट्सने आपल्या मैदानावर दुर्बीण आणि बझर वापरून खुणा टिपल्याचे सविस्तर वृत्त अर्धशतकानंतर, २००१ मध्ये प्रसिद्ध झाले.

सर्वांत गाजलेले प्रकरण ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज संघाचे. विजेतेपद मिळवलेल्या २०१७ च्या हंगामात या संघाने सेंटर फील्डमधील कॅमेऱ्याचे चित्रण डगआउटजवळच्या पडद्यावर पाहून कचऱ्याच्या डब्यावर ठोके देत बॅटरला संथ वा वळणाऱ्या चेंडूची सूचना दिली. संघाचा माजी पिचर माइक फायर्स याने नोव्हेंबर २०१९ मध्ये हे उघड केले. जानेवारी २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने संघाला ५० लाख डॉलरचा दंड ठोठावला, नवोदित खेळाडू निवडीतील पहिल्या दोन फेऱ्यांचे दोन वर्षांचे हक्क काढून घेतले आणि व्यवस्थापक ए. जे. हिंच व महाव्यवस्थापक जेफ लुनो यांना वर्षभरासाठी निलंबित केले. संघाने दोघांनाही बडतर्फ केले. चौकशीत सहकार्य करणाऱ्या खेळाडूंवर मात्र कारवाई झाली नाही.

या प्रकरणाचे पडसाद मुलांच्या मैदानापर्यंत उमटले. लिटल लीगमधील स्थानिक संघ बहुधा मेजर लीगमधील संघांची नावे घेऊन खेळतात. २०२० मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातील काही स्थानिक लीगनी आपल्या संघांसाठी ‘अ‍ॅस्ट्रोज’ हे नाव वापरणे थांबवले. मुलांच्या छातीवर कोणाचे नाव असावे, हा त्यांच्या दृष्टीने संस्काराचा प्रश्न होता.

मुलांसाठी वेगळी कसोटी का?

मेजर लीगमध्ये यंत्राच्या साहाय्याने खुणा चोरण्यास बंदी आहे. मात्र मैदानावरील रनरने स्वतःच्या डोळ्यांनी खूण ओळखून ती बॅटरला कळवण्यास नियमाची आडकाठी नाही. लिटल लीगने ही रेषा पुष्कळ अलीकडे ओढली आहे. चेंडूचा प्रकार किंवा दिशा बॅटरला कळावी म्हणून खुणा चोरून पुढे पोहोचवणे हेच तिथे अखिलाडू वर्तन मानले जाते, मग त्यात यंत्र असो वा नसो. मुलांच्या सर्व संघटनांचे नियम मात्र असे एकसारखे नाहीत. म्हणूनच एका स्पर्धेत शाबासकी मिळवणारी कृती दुसऱ्या स्पर्धेत शिक्षेस पात्र ठरू शकते.

या कडक भूमिकेमागे तीन कारणे दिसतात. पहिले कारण शिकण्याचे. या वयातील स्पर्धेचा मुख्य हेतू कौशल्य घडवणे हा असतो. पुढचा चेंडू आधीच माहीत असलेली बॅटर चेंडू ओळखायला शिकत नाही. वरच्या गटात गेल्यावर खुणा मिळेनाशा होतात आणि ही उणीव उघडी पडते.

दुसरे कारण सुरक्षिततेचे. चेंडू बाहेरच्या बाजूला येणार, असा संकेत मिळालेली बॅटर प्लेटकडे झुकते. संकेत चुकीचा निघाला आणि चेंडू आत आला, तर तो अंगावर बसण्याचा धोका वाढतो. शिवाय खुणा चोरल्याचा संशय आलेल्या संघाने सूड म्हणून बॅटरच्या अंगावर चेंडू टाकण्याची वाईट प्रथा मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये आहे. ती मुलांपर्यंत पोहोचणे कोणालाच परवडणारे नाही.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. चोरीची पद्धत बारा वर्षांची मुलगी बहुधा स्वतः शोधून काढत नाही, तिला ती प्रशिक्षक शिकवतात. म्हणजे डाव दोन मोठ्या माणसांमधला असतो आणि त्यातील प्यादे मूल असते. पंचांनी पकडल्यावर लाज मात्र त्या मुलीच्या वाट्याला येते. लिटल लीगच्या नियमात खेळाडूबरोबर व्यवस्थापकालाही बाहेर काढण्याची तरतूद आहे, तिचे मर्म इथेच आहे. मूल चुकले तर ते शिकवणाऱ्याने त्याचा जाब द्यावा, अशी ती व्यवस्था आहे.

दुसरी बाजू

या भूमिकेला विरोध करणारे प्रशिक्षकही आहेत आणि त्यांचा युक्तिवाद दुर्लक्षिण्यासारखा नाही. त्यांच्या मते मैदानावर उघड्यावर केलेली खूण ही गुप्त राहीलच, अशी अपेक्षा धरणे भाबडेपणाचे आहे. बेस चोरणे, खोटी हालचाल करून रनरला फसवणे, बंटचा आव आणून ऐनवेळी जोरदार फटका मारणे या साऱ्या क्लृप्त्या खेळात मान्य असताना केवळ खुणांबाबत सोवळेपणा का? खुणा ओळखण्यासाठी लक्ष, स्मरणशक्ती आणि तर्क लागतो, तसेच आपल्या खुणा जपायला शिकणे हाही खेळाचाच धडा आहे, असे ते सांगतात.

या मतभेदात विवेकासाठी काही साधे प्रश्न उपयोगी पडतात. माहिती मैदानावरील खेळाडूने स्वतःच्या निरीक्षणातून मिळवली की बाहेरच्या व्यक्तीने अथवा यंत्राने पुरवली? ती कल्पना मुलाची होती की मोठ्यांची? आणि सामना संपल्यावर तीच गोष्ट प्रतिस्पर्धी संघाला हसतमुखाने सांगता येईल का? जी क्लृप्ती लपवावी लागते, तिचे समर्थन करणे अवघड असते.

क्रिकेटलाही परिचित पेच

भारतीय वाचकांना हा पेच अनोळखी वाटू नये. १९९९ च्या विश्वचषकात होव्ह येथे भारताविरुद्धच्या सामन्यात दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए कानात यंत्र लावून प्रशिक्षक बॉब वूल्मर यांच्याशी संपर्क साधत होता. त्यावेळी नियमात स्पष्ट मनाई नसतानाही सामनाधिकाऱ्यांनी ते यंत्र काढायला लावले. याउलट २०२० मध्ये केपटाउन येथील टी-२० सामन्यात इंग्लंडच्या विश्लेषकाने ड्रेसिंग रूममधून फलकांवरील सांकेतिक अक्षरे-आकडे दाखवून कर्णधार इऑन मॉर्गनला सूचना दिल्या, त्याला सामनाधिकाऱ्यांची संमती होती. दीप्ती शर्माने २०२२ मध्ये लॉर्ड्सवर शार्लट डीनला धावबाद केल्यावर उसळलेला वादही नियम आणि खिलाडूवृत्ती यांच्यातील याच अंतराचा होता. नियमपुस्तिकेत जे निषिद्ध नाही ते सारे उचित असते का, हा प्रश्न एका खेळापुरता राहत नाही.

उपाय काय?

पहिला उपाय खुणा अवघड करण्याचा आहे. दुसऱ्या बेसवर रनर असताना कॅचर एकापाठोपाठ अनेक खुणा करते आणि त्यांतील कितवी खरी, हे आधी ठरलेले असते. बाद झालेल्या खेळाडूंच्या संख्येनुसार हा क्रम बदलता येतो. मनगटावरील आकड्यांचे तक्ते वेळोवेळी बदलले जातात. मेजर लीगने २०२२ पासून ‘पिचकॉम’ या विद्युत उपकरणाला परवानगी दिली. कॅचर बटण दाबतो आणि पिचरला टोपीत बसवलेल्या यंत्रातून सूचना ऐकू येते. मात्र अशा साधनांचा खर्च लहान क्लब आणि शाळांच्या आवाक्यातील नसतो.

म्हणूनच दुसरा उपाय अधिक मोलाचा ठरतो. स्पर्धेपूर्वीच्या बैठकीत आयोजकांनी याबाबतचा नियम स्पष्ट सांगावा. संशय आल्यास प्रशिक्षकाने मुलांसमोर आरडाओरडा करण्याऐवजी पंचांकडे जावे आणि पंचांनी आधी संबंधित प्रशिक्षकाला समज द्यावी. दोषारोपाचा रोख मुलांकडे वळू नये.

भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, हा मुद्दा निव्वळ तात्त्विक नाही. राज्यातील शालेय क्रीडा स्पर्धांत सॉफ्टबॉलचा समावेश आहे आणि क्रीडा स्पर्धांतील ठरावीक स्तरावरील सहभाग व यशासाठी दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलतीचे गुण दिले जातात. अमेरिकेत महाविद्यालयीन शिष्यवृत्तीची आशा पालकांना अधीर करते, तशी इथे गुणांची. सामन्याच्या निकालाला मैदानाबाहेरची किंमत आली, की ‘सगळेच करतात’ हे समर्थन लवकर रुजते. त्या वेळी बेसवर उभ्या असलेल्या मुलीने काय करावे, हे नियमपुस्तिकेपेक्षा तिच्या प्रशिक्षकाने सरावात काय शिकवले, यावरच अधिक अवलंबून राहील.