कोपऱ्यावरचे खुंट

कारखान्यात फिरत्या यंत्रापाशी ‘सावध राहा’ अशी पाटी लावून मालकाची सुटका होत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या एकविसाव्या कलमाने सांगितले होते की, यंत्राच्या धोक्याच्या भागाला मजबूत कठडा घातलाच पाहिजे. माणूस कधीतरी बेसावध होणारच, हे तेथे गृहीत धरले होते. मग रस्त्यावर मात्र सारी भिस्त ड्रायव्हरच्या सावधपणावर का?

कोपऱ्यावर धोका अधिक का, ते पाहू. लांब ट्रक वळतो तेव्हा त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत. ती आतून, कोपरा कापीत जातात. रस्ता ओलांडण्यासाठी थांबलेला माणूस नेमका तेथेच उभा असतो. शिवाय कोपरा ऐसपैस गोल असला की मोटार वेग न उतरविता वळते. आणि वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो.

जुन्या गावांत घराच्या कोपऱ्याला दगड पुरीत, तो गाडीच्या चाकाने भिंत ढासळू नये म्हणून. जी काळजी भिंतीची घेतली, ती माणसाची घ्यावयाची आहे. फुटपाथच्या कडेने सिमेंटचे वा पोलादाचे खुंट पक्क्या पायात बसवावेत. इंजिनिअर त्यांना बोलार्ड म्हणतात. त्यांवर रात्री चमकणारा पट्टा असावा. चाक आत येत नाही, आणि वळण आवळले गेल्याने वेगही उतरतो.

पण अंतर मोजूनच ठेवावे. मुंबईत काही ठिकाणी खुंट इतके जवळ बसविले की, चाकांच्या खुर्चीवरील माणसाला फुटपाथच बंद झाला. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. १२० सेंटीमीटर अंतरातून खुर्ची जाते, रिक्षा अडते. फटफटी मात्र शिरते. तिच्यासाठी पोलीसच हवा.

धुळ्याची सरळ पेठ कॅप्टन ब्रिग्जच्या काळात, १८१८ नंतर, आखली गेली. तेव्हा मोटार नव्हती. आज मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर रस्ते धुळ्याला मिळतात. सुरत-नागपूरचा जुना महामार्ग तर जळगावच्या वस्तीतूनच जातो. दालमिल आणि चटई कारखान्यांचे कामगार, शाळेची मुले, सर्वांना तो ओलांडावा लागतो.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फुटपाथ हा पादचाऱ्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तेव्हा आपापल्या कोपऱ्याचे माप घ्या, चाके कोठून कापतात ते खडूने आखा, आणि चाळीस सह्यांनिशी महापालिकेकडे अर्ज करा. कारखान्यातले कठडेही मागितल्यावाचून कोणी घातले नव्हते.