तात्पुरत्या मंजुरीचा कारभार
एकत्र कुटुंबांत वर्षाचा खर्च ठरवितांना भावाभावांत मतभेद झाला, तरी दुसऱ्या दिवशीं चूल पेटावयाची रहात नाहीं. वाद मिटेपर्यंत गेल्या सालच्याच बेतानें वाणसामान येतें. अमेरिकेसारख्या धनाढ्य राष्ट्राचा कारभार बहुधा याच रीतीनें चालतो, हें वाचून वाचकांस नवल वाटेल.

तेथील राज्यघटनेप्रमाणें, कायद्यानें मंजुरी मिळाल्यावांचून खजिन्यांतून एक डॉलरही काढतां येत नाहीं. आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतें व तत्पूर्वीं खर्चाचीं सर्व विधेयकें संमत व्हावयास पाहिजेत. हा प्रघात १९७६ सालीं पडला. परंतु तेव्हांपासून हें कार्य वेळेवर पार पडल्याचे प्रसंग अवघे चार, व त्यांतील शेवटचा १९९६ सालचा!

मुदत टळूं लागली कीं काँग्रेस तात्पुरता ठराव करते व अध्यक्षांच्या सहीनें त्याचा कायदा होतो. त्यायोगें कांहीं आठवडे अगर महिने प्रत्येक खात्यास बहुधा मागील वर्षाच्याच मानानें पैसा मिळतो. नवें काम मात्र सहसा हातीं घेतां येत नाहीं. कालची गरज भागते, आजची खोळंबते.

आणि हा ठरावही न झाला तर? १९८० सालीं ॲटर्नी-जनरल सिव्हिलेटी यांनीं जुन्या कायद्याचा असा अर्थ लावला कीं, मंजुरी नसल्यास कचेऱ्यांनीं काम थांबविलें पाहिजे. जीवित व मालमत्ता यांच्या रक्षणाचें काम तेवढें चालावें. २०२५ सालीं १ ऑक्टोबरपासून असा बंद ४३ दिवस चालला. विमानांस आकाशांतील वाट दाखविणारे नियंत्रक त्या काळांत पगारावांचून राबत होते. बुडालेला पगार मागाहून देण्याचा कायदा २०१९ सालीं झाला आहे खरा. पण घरमालक व दूधवाला 'मागाहून' हा शब्द जाणत नाहींत.

आपल्या घटनेच्या ११६ व्या कलमानें लोकसभा लेखानुदान देऊं शकते. खर्चाची चर्चा पुरी होईपर्यंत त्यावर कारभार चालतो. लोकसभेनें पैसा नाकारला तर मंत्रिमंडळासच पायउतार व्हावें लागतें. अमेरिकेंत अध्यक्ष व प्रतिनिधी या दोघांचीही मुदत ठरलेली असल्यामुळें पैसा अडला तरी कोणाचेंच पद जात नाहीं, म्हणून तंटा लांबतो.

तात्पुरती सोय वाईट नव्हे. तिच्यामुळेंच चूल विझत नाहीं. पण कर्त्या माणसांनीं तिलाच रीत मानिलें, म्हणजे थोरांच्या वादांत धाकट्यांस उपास घडतो. हें राष्ट्रास जितकें लागू, तितकेंच घरासही.