पेटी आली, पण कागद कुठे?

दिवाळीच्या आधी महिनाभर दादर-पार्ल्याहून चकली-अनारशांचे डबे परदेशी रवाना होऊ लागतात. तिकडूनही मुलानातवंडांच्या पेट्या येतात, आणि त्यांतल्या काही आपल्या दारी येण्याऐवजी विमानतळावरच मुक्काम ठोकतात. मग घरात पहिला उद्गार निघतो, "अहो, पण ती भेट आहे ना! भेटीवर कसली जकात?"

हा समज एके काळी खोटा नव्हता. पाच हजार रुपयांपर्यंतची भेट पूर्वी जकातीवाचून येत असे. डिसेंबर २०१९ मध्ये ही सवलत बंद झाली. टपालाने वा कुरियरने येणाऱ्या भेटींत अपवाद राहिले ते दोनच: जीवरक्षक औषधे आणि राखी. राखीपुढे सरकारने कंसात खुलासाही केला आहे की, राखीबरोबरच्या भेटी यात धरू नयेत! भाऊरायांची मिठाई लिहिणाऱ्याच्या नजरेतून सुटली नाही म्हणायची. बाकीच्या भेटी आणता येतात, पण पूर्ण जकात भरून.

आमच्या शेजारच्या आजींना ऐकू कमी येते. अमेरिकेतल्या नातवाने त्यांच्यासाठी कानाचे यंत्र धाडले आणि सोबतच्या कागदावर लिहिले, 'भेट. इलेक्ट्रॉनिक वस्तू. किंमत दहा डॉलर.' आजीला भुर्दंड पडू नये एवढाच बिचाऱ्याचा हेतू. पण पहिल्या शब्दाने काही साधले नाही, दुसऱ्याने नुकसान केले आणि तिसऱ्याने संशय उत्पन्न केला. पेटी अडकली.

गोष्ट अशी की, जकात अधिकाऱ्यापुढे पेटीच्या आधी कागद येतो. त्यावरील नावावरून वस्तूला क्रमांक मिळतो आणि क्रमांकावरून दर ठरतो. १९८८ पासून बहुतेक जगात ही क्रमांकांची पद्धत एकच आहे. पहिले सहा आकडे सर्वांचे सारखे. आपल्याकडे पुढे दोन जोडून आठ होतात. कानाचे यंत्र ९०२१ या गटात बसते आणि त्यावर वस्तू व सेवा कर मुळीच नाही. म्हणजे नातवाने खरे नाव लिहिले असते, तर फायदा आजींचाच होता! 'इलेक्ट्रॉनिक वस्तू' म्हटल्यावर अधिकाऱ्याने ती कोणत्या खणात टाकावी?

किमतीचेही तसेच. दिलेली खरी किंमत, अधिक वाहतूक, अधिक विमा, हे मूल्य धरतात. विम्याचा आकडा नसेल तर किमतीच्या १.१२५ टक्के धरतात, वाहतुकीचा नसेल तर २० टक्के. डॉलरचा भावही बँकेचा नव्हे, जकात खात्याने जाहीर केलेला. समजा, मूल्य एक लाख रुपये आले आणि मूळ जकात १० टक्के आहे. तर दहा हजार जकात, तिच्यावर दहा टक्के अधिभार म्हणजे एक हजार, आणि मग एक लाख अकरा हजारांवर १८ टक्के कर, म्हणजे १९,९८०. एकूण ३०,९८० रुपये. करावर कर कसा चढतो हे गृहिणींनी पाहून ठेवावे.

किंमत मुद्दाम कमी लिहिली, तर १९६२ च्या कायद्याखाली माल जप्त होऊ शकतो, दंडही होतो. दहा डॉलरला असले यंत्र मिळते यावर आजींचासुद्धा विश्वास बसला नसता. अखेर नातवाने दुकानाचे मूळ बिल आणि पैसे दिल्याचा कार्डाचा उतारा पाठवला. इकडून कानाच्या डॉक्टरांचा अहवाल आणि आजींच्या आधार कार्डाची प्रत गेली. अकराव्या दिवशी पेटी घरी आली. हे चार कागद पहिल्या दिवशीही घरातच होते!

यंत्र अकरा दिवस पडून राहिले तरी बिघडत नाही. औषधाचे तसे नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबईतल्या काही महिन्यांच्या एका मुलीसाठी सुमारे सोळा कोटींचे औषध परदेशातून यायचे होते, आणि त्यावरचा कर सुमारे सहा कोटी होत होता. तो केंद्र सरकारने खास माफ केला. प्रत्येक आईबापांची विनंती इतक्या वरपर्यंत कशी पोहोचणार? १ एप्रिल २०२३ पासून मात्र सरकारने ठरवून दिलेल्या दुर्मिळ आजारांवर, स्वतःच्या उपचारासाठी आणलेल्या औषधांना मूळ जकात माफ आहे. त्यासाठी आरोग्य सेवा संचालक, जिल्हा वैद्यकीय अधिकारी किंवा जिल्हा शल्यचिकित्सक यांचा दाखला लागतो. घरच्या डॉक्टरांची चिठ्ठी त्याजागी चालत नाही, आणि पुष्कळांची फसगत होते ती इथेच.

भारतात विक्रीची मंजुरी नसलेले औषध असेल, तर आणखी एक पायरी आहे. केंद्रीय औषध नियंत्रण खात्याकडे नमुना १२-ए भरून, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडून अर्ज करायचा. परवाना मिळतो तो नमुना १२-बी. त्यातले औषधाचे नाव आणि मात्रा चिठ्ठीशी, दाखल्याशी व दुकानाच्या बिलाशी अक्षरशः जुळली पाहिजे. एकीकडे कंपनीचे नाव आणि दुसरीकडे रासायनिक नाव असेल, तर दोन्ही नावे सगळीकडे लिहून घ्यावीत.

अशी काही औषधे दोन ते आठ अंशांतच टिकतात. परवाना व दाखला हाती आल्यावरच तिकडे पेटी भरायला सांगावी, कागदांच्या प्रती कुरियरवाल्याला आधी धाडाव्यात, आणि 'शीतपेटीत ठेवावे' ही सूचना पेटीवरच नव्हे, बिलावरही छापून घ्यावी.