कुंपणावरची ती पिवळी फळं खायची नाहीत

कापूरहोळहून भोरकडे वळताना किंवा नारायणपूरच्या रस्त्याला हॉटेलं, बंगले, फार्महाऊस यांच्या कुंपणाला एक झुडूप हमखास दिसतं. फांद्यांवरून नारिंगी-पिवळ्या मण्यांचे घोस लोंबत असतात. हा ड्युरांटा. मूळचा मेक्सिको, वेस्ट इंडीज आणि दक्षिण अमेरिकेकडचा. नाव मिळालं ते सोळाव्या शतकातल्या कास्तोरे दुरान्ते या इटालियन वैद्यावरून.

ओळख सोपी आहे. पानं समोरासमोर, फुलं फिकट निळी-जांभळी, पाच पाकळ्यांची. फळ साधारण सेंटिमीटरभर, गुळगुळीत आणि टोकाला चोचीसारखं निमुळतं. कुंपणाला बरेचदा पिवळ्या पानांची जात लावतात. कातरी फिरत असेल तोवर तिला फुलं-फळं फारशी येत नाहीत. कापणी थांबली की घोस धरतात.

आपल्या भागातल्या पोरांना करवंदं, तोरणं, अळू झुडपावरून तोडून खायची सवय. ती सवय चांगलीच, पण इथे घात करते. ड्युरांटाच्या फळात सॅपोनिन ही विषारी द्रव्यं असतात. खाल्ल्यास मळमळ, उलट्या, ताप, गुंगी, प्रसंगी झटके येऊ शकतात. लहान मुलं आणि कुत्री दगावल्याच्या नोंदी आहेत. पाखरं ही फळं बिनधास्त खातात, पण त्यावर आपण जाऊ नये.

कुणी खाल्लीच तर तोंड धुवा, मुद्दाम उलटी काढू नका, फळांसकट फांदी घेऊन थेट दवाखाना गाठा. अंगणवाडी आणि शाळेच्या कुंपणाला ड्युरांटा असेल, तर फळं धरण्याआधी छाटून घ्या.