काठी कलते, गुडघा झेलतो

संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते आणि सात नंदीध्वज मिरवणुकीनं निघतात. ती उंच काठी पेलणाऱ्या माणसाकडे थोडा वेळ नीट बघावं. काठी सरळ उभी असते तोवर त्याला फक्त तिचं वजन सांभाळायचं असतं. ती जराशी पुढं कलली, की त्याचे दंड ताठ होतात, कंबर मागं रेलते आणि पाय काठीच्या खाली जायला धावतात. वजन तेवढंच असतं. त्याची रेषा मात्र आधारापासून लांब गेलेली असते. गुडघ्यावरच्या भाराचा सगळा हिशोब याच एका गोष्टीवर उभा आहे.

समजा, 60 किलो वजनाची बाई खुर्चीवरून उठते आहे. मोटामोटी प्रत्येक गुडघ्याच्या वाट्याला 30 किलो आले. पण उठताना शरीर गुडघ्याच्या मागं असतं. वजनाची रेषा सांध्यापासून 16 सेंटिमीटर मागून जाते असं धरू. तिला तोलून धरतात मांडीचे पुढचे स्नायू. त्यांची ओढ वाटीवरून खालच्या हाडाला पोचते, आणि सांध्यापासून तिचं अंतर जेमतेम 4 सेंटिमीटर. तराजूची एक दांडी दुसरीच्या चौपट आखूड असली, तर तिच्या पारड्यात चौपट वजन टाकावं लागतं. म्हणजे स्नायूंनी 120 किलोंची ओढ लावायची. ही ओढही शेवटी हाडावर हाड दाबते. 30 आणि 120 मिळून 150 किलो, शरीराच्या वजनाच्या अडीचपट, आणि तेही एकेका गुडघ्यावर.

हा झाला कागदावरचा हिशोब. प्रयोगशाळेत तो चालत्या माणसावर करतात. जमिनीत बसवलेली बलपट्टी म्हणजे अतिशय संवेदनशील वजनकाटाच. पाऊल पडल्यावर जमीन किती जोरानं आणि कोणत्या दिशेनं उलट ढकलते, हे ती क्षणाक्षणाला नोंदवते. घरचा काट्याचा वजनकाटा असेल तर त्यावर उभं राहून झटकन गुडघे वाकवून पाहा: काटा आधी खाली येतो, मग वजनाच्या वर उडी मारतो. पायांवर चिकटवलेले चमकते गोळे कॅमेऱ्यांना दिसत राहतात, त्यावरून कोणता सांधा कुठं आहे ते कळतं. मग पावलापासून घोट्याकडं, घोट्यापासून गुडघ्याकडं असा उलटा हिशोब मांडत जातात.

अडचण पुढं येते. या हिशोबातून गुडघ्याला वळवणाऱ्या बलाची फक्त बेरीज मिळते. ती कोणकोणत्या स्नायूंनी मिळून केली, हे नाही. बिलावर एकूण रक्कम आहे, पण एकाही वस्तूचा भाव लिहिलेला नाही, असं ते बिल. त्यात पुढचा आणि मागचा स्नायू एकाच वेळी ताणले गेले तर त्यांची वळवण्याची ताकद एकमेकींत वजा होते, सांध्यावरचा दाब मात्र वाढतो. म्हणून स्नायूंतल्या विजेच्या नोंदी घेतात, संगणकावर सांगाडा उभारतात आणि वाटणीचा अंदाज बांधतात.

अंदाज बरोबर आला की नाही, हे ताडून बघायला सांध्याच्या आतच मोजमाप हवं. तेही झालं. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स क्लिनिकनं 2004 मध्ये भार मोजणारा कृत्रिम गुडघा एका रुग्णाला बसवला. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातही असे सांधे बसवले गेले. त्यांत बॅटरी नसते. पायाभोवती गुंडाळलेल्या तारेच्या वेटोळ्यातून वीज मिळते आणि नोंदी बिनतारी बाहेर येतात. बर्लिनच्या पाच रुग्णांचे सरासरी आकडे 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. सपाटीवर चालताना शरीराच्या वजनाच्या 261 टक्के भार, खुर्चीवरून उठताना 246, जिना चढताना 316, उतरताना 346. आपल्या 60 किलोंच्या बाईला जिना उतरताना एका गुडघ्यावर दोनशे किलोंच्या वर! दोन पायांवर नुसतं उभं राहिलं तरी एका गुडघ्यावर 107 टक्के. निम्मं वजन अपेक्षित होतं. उरलेला भार तोल राखणाऱ्या स्नायूंचा. असेच आकडे झाकून ठेवून, फक्त चालण्याच्या नोंदी संशोधकांपुढं ठेवायच्या आणि भार ओळखायला सांगायचा, अशा स्पर्धाही झाल्या.

आपल्याकडच्या बैठकीत आणखी एक गोम आहे. सोलापुरात सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांचा दिवस जमिनीवरच जातो. घरोघरी उकिडवं बसून कामं होतात. पूर्ण उकिडवं बसल्यावर मांडी पोटरीवर टेकते आणि थोडा भार तिथूनच खाली उतरतो. संगणकातल्या सांगाड्यात ही टेकण धरली नाही, तर गुडघ्याचा आकडा उगाच फुगतो.

ज्याला हे अंतराचं गणित कळलं, त्याला घरातल्या जुन्या सवयींचा अर्थही लागतो. उठताना आजी आधी खुर्चीच्या कडेला सरकते, पावलं आत ओढते, पुढं वाकते आणि मग उठते. तिचं वजन एका ग्रॅमनंही घटत नाही. 16 सेंटिमीटरचे 12 झाले, की तिच्या स्नायूंची ओढ मात्र 120 वरून 90 किलोंवर येते.