ब्लॅक सॅबथ

ब्लॅक सॅबथ : ‘हेवी मेटल’ ह्या रॉक संगीतप्रकारातील आद्य समजली जाणारी इंग्रजी ध्वनिमुद्रिका. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराच्या ह्याच नावाच्या वाद्यवृंदाची ही पहिली कृती व्हर्टिगो ह्या कंपनीने १३ फेब्रुवारी १९७० रोजी प्रसिद्ध केली. समीक्षकांनी तिची हेटाळणी केली, धर्मनिष्ठांनी तिच्यावर सैतानपूजेचा आरोप ठेवला आणि श्रोत्यांनी ती उचलून धरली. तिच्याविषयीचा वाद मुख्यतः तिचे नाव आणि वेष्टन यांभोवती फिरत राहिला. तिच्या संगीताचे मूळ मात्र कारखान्यात होते.

पार्श्वभूमी : टोनी आयोमी (गिटार), गीझर बटलर (बेस गिटार), बिल वॉर्ड (ड्रम) व ऑझी ऑझबॉर्न (१९४८–२०२५, गायन) हे चौघे बर्मिंगहॅममधील ॲस्टन ह्या कामगारवस्तीच्या परिसरात वाढले. दुसऱ्या महायुद्धातील बाँबवर्षावाच्या खुणा त्यांच्या बालपणी शहरात ठिकठिकाणी शिल्लक होत्या. शाळा सुटली की कारखाना, हाच तेथील बहुतेक मुलांचा मार्ग असे. ऑझबॉर्न काही काळ कत्तलखान्यात कामाला होता. आयोमी पत्र्याच्या कारखान्यात काम करीत असे. वयाच्या सतराव्या वर्षी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका हाच होता. आगीत भाजून दोन बोटे जवळजवळ निकामी झालेल्या जँगो राइनहार्ट ह्या गिटारवादकाची ध्वनिमुद्रिका कारखान्यातील मुकादमाने त्याला ऐकविली, तेव्हा त्याला उमेद आली. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांसाठी टोपणे तयार केली, त्यांवर चामडे चढविले व गिटारला हलक्या तारा लावल्या. त्याच्या वादनातील मोजके, जड आणि ठाशीव स्वरसमूह काही अंशी ह्या अपंगत्वातून घडले.

गिरण्यांच्या भोंग्यावर दिवस मोजणाऱ्या सोलापूरसारख्या शहराची आठवण असलेल्या वाचकास हे वातावरण परके वाटणार नाही. औद्योगिक शहर आपले गाणे स्वतः निर्माण करते. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचे शाहीर अमर शेख (१९१६–६९) यांनी कामगारांचे दुःख पोवाड्यातून व गीतांतून उघड ललकारीने मांडले. बर्मिंगहॅमच्या ह्या तरुणांनी मात्र भयकथेची भाषा निवडली. अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीतापासून प्रारंभ करून १९६८ मध्ये स्थापन झालेला हा वाद्यवृंद पूर्वी ‘अर्थ’ म्हणजे पृथ्वी ह्या नावाने कार्यक्रम करीत असे. त्याच नावाचा दुसरा वाद्यवृंद असल्याचे आढळल्यावर १९६९ मध्ये नवे नाव घेण्यात आले. ते मारिओ बाव्हा ह्या इटालियन दिग्दर्शकाच्या १९६३ मधील भयपटाचे इंग्रजी नाव होय. घाबरण्यासाठी लोक पैसे मोजत असतील, तर भीतिदायक संगीत का रचू नये, असा विचार त्यामागे होता.

ध्वनिमुद्रण : १६ ऑक्टोबर १९६९ रोजी लंडनच्या रीजंट साउंड ह्या ध्वनिमुद्रणगृहात, सुमारे बारा तासांत, ही ध्वनिमुद्रिका पूर्ण झाली. निर्माता रॉजर बेन याने वाद्यवृंदाला रंगमंचावरील कार्यक्रमाप्रमाणेच एकत्र वाजवू दिले आणि चार पट्ट्यांच्या यंत्रावर ते मुद्रित केले. प्रारंभीचा पाऊस, मेघगर्जना व घंटानाद हे मागाहून जोडण्यात आले. ह्या घाईमुळेच तिला एक ओबडधोबड जिवंतपणा लाभला.

शीर्षकगीताचा पाया म्हणजे तीन स्वरांचे, पुनःपुन्हा येणारे संथ स्वरवाक्य : षड्ज, तार षड्ज आणि त्यानंतर तीव्र मध्यम. षड्ज व तीव्र मध्यम यांतील सहा अर्धस्वरांच्या अंतराला पाश्चात्त्य संगीतात ‘संगीतातील सैतान’ असे नाव पडले होते. भारतीय श्रोत्याला तीव्र मध्यम अपरिचित नाही. यमनात तो प्रसन्नच भासतो. परंतु यमनात तो पंचमाकडे वाट काढतो, तर येथे तो आंदोलित होत तसाच लोंबकळत राहतो. भीती त्या स्वरात नसून त्याला विश्रांतिस्थान न देण्यात आहे. होल्स्ट ह्या संगीतकाराच्या मंगळ ग्रहावरील वाद्यरचनेचा ह्या गीतावर प्रभाव आहे.

वाद : ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर टेम्स नदीकाठच्या मेपलडरम येथील पाणचक्कीसमोर उभी असलेली काळ्या वस्त्रांतील स्त्री दिसते. हे छायाचित्र कीथ मॅकमिलन याने काढले. वेष्टन उघडताच आत उलटा क्रूस दिसे. तो वाद्यवृंदाला न विचारता छापण्यात आला होता. तथापि सैतानपूजेच्या आरोपाला त्यामुळे आधार मिळाला. प्रत्यक्षात शीर्षकगीतातील व्यक्ती काळ्या आकृतीला पाहून भयभीत होते व देवाचा धावा करते. बटलर हा कॅथलिक घरातील होता आणि चौघे गळ्यात जे सरळ क्रूस घालीत, ते ऑझबॉर्नच्या वडिलांनी धातूचे घडवून दिलेले होते. ‘एन. आय. बी.’ ह्या गीताचे नाव ख्रिस्तजन्माच्या विटंबनेचे सूचक आहे असे सांगितले जाई. ते वस्तुतः वॉर्डच्या, टाकाच्या निबासारख्या दाढीवरून पडले होते. मात्र ह्या गीतात सैतान प्रेमात पडतो आणि स्वतःच बोलतो. तेव्हा वाद सर्वस्वी निराधार होता, असे म्हणता येणार नाही. भयावह नावाचा व्यापारी लाभही वाद्यवृंदाला झालाच.

वारसा : ‘रोलिंग स्टोन’ ह्या अमेरिकन नियतकालिकात लेस्टर बँग्झने तिच्यावर कठोर टीका केली. तरीही ब्रिटनच्या विक्रीसूचीत ती आठव्या व अमेरिकेत तेविसाव्या क्रमांकापर्यंत पोहोचली. पुढे २००३ मध्ये त्याच नियतकालिकाने सर्वोत्तम पाचशे ध्वनिमुद्रिकांच्या यादीत तिचा समावेश केला. बर्मिंगहॅमचाच ‘जूडास प्रीस्ट’, लंडनचा ‘आयर्न मेडन’ आणि अमेरिकेतील ‘मेटॅलिका’ यांनी हा प्रकार वाढविला. संथ, जड ‘डूम मेटल’ तर थेट शीर्षकगीतातूनच निघाला. मुंबईत १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘रॉक मशीन’ने स्वतःच्या इंग्रजी रॉक रचना सादर केल्या आणि २००० मध्ये ‘डिमॉनिक रेझरेक्शन’ हा मेटल वाद्यवृंद उभा राहिला. २००८ मध्ये ‘आयर्न मेडन’चा कार्यक्रमही मुंबईत झाला. दुसरीकडे गीतांच्या परिणामांविषयीचा संशयही टिकून राहिला; १९८५ मध्ये अमेरिकन सिनेटच्या एका समितीपुढे रॉक गीतांच्या आशयाची चर्चा झाली.

५ जुलै २०२५ रोजी ॲस्टनमधील व्हिला पार्क मैदानावर चारही मूळ वादक शेवटचे एकत्र आले. ऑझबॉर्न त्या वेळी उभा राहू शकत नव्हता. आसनावर बसून तो गायला. त्यानंतर सतरा दिवसांनी, २२ जुलै रोजी, त्याचे निधन झाले. ज्या वस्तीतून बाहेर पडण्याची वाट म्हणून हे संगीत जन्मले, त्याच वस्तीत त्याची सांगता झाली.